शकूअक्कांच्या गोगलगायी

शकूअक्का माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत, दातांवरून ओळखत. दुर्गदबैलच्या बाजारात कुणी समोर येऊन नमस्कार केला तर त्या कोऱ्या नजरेनं बघत राहायच्या. तो माणूस ओशाळून हसला की मात्र त्यांचा चेहरा एकदम उजळायचा. "हां, तुम्ही होय. खालची डावी दाढ. आता गार पाणी लागतं का?" मग भाजीच्या टोपल्यांपाशी उभ्या उभ्या त्या दाढेची विचारपूस चालायची आणि मी पिशवी धरून वाट बघत राहायची.

डॉ. शकुंतला पिसे हे त्यांचं पाटीवरचं नाव. हुबळीच्या विद्यानगरात आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर होतं आणि पुढच्या दोन खोल्यांत दाताचा दवाखाना. माहेर जुन्या हुबळीत. माहेर म्हणते खरी, पण अक्कांनी लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती नव्हती. जुन्या हुबळीत त्यांच्या वडिलांचं इलकल साड्यांचं दुकान होतं, ते वडिलांच्या मागे थोरले भाऊ दत्तूअण्णा चालवत. घराणं मूळ मिरजेकडचं, पण पिढ्यान्‌पिढ्या हुबळीत मुरलेलं. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि भांडण दोन्हींत.

अक्का रोग्यांशी कमी बोलत. खुर्चीत बसलेल्याची हनुवटी डाव्या हातात धरायच्या आणि हलक्या आवाजात "निधान, निधान" म्हणत राहायच्या. सावकाश, घाबरू नका, असं. हुबळीतल्या दोन पिढ्यांनी त्या एका शब्दावर दाढा काढून घेतल्या. त्यांच्याकडे एक कॅमेरा होता, भिंगाभोवती बांगडीसारखा गोल फ्लॅश बसवलेला. दाढ भरायच्या आधी एक आणि भरल्यावर एक असे फोटो त्या काढत आणि धुऊन आले की रोग्याच्या हातात ठेवत. आपल्याच दाढेतली ती विहीर बघून माणसं गप्प होत. माझ्या यजमानांनी आपला फोटो बघून तंबाखू कायमची सोडली आणि पुढे वर्षभर अक्कांवर राग धरला.

साठीच्या जवळ आल्या तेव्हा एका दुपारी हे सगळं थांबलं. एका शाळकरी मुलीचा दात भरताना हत्याराचं टोक हिरडीला लागलं. रक्ताचा एक थेंब आला. मुलीला कळलंसुद्धा नाही. पण अक्कांनी हत्यार खाली ठेवलं, ओळखीच्या एका डॉक्टरांना फोन करून बोलावून घेतलं आणि तो दात त्यांच्याकडून पुरा करून घेतला. त्याच आठवड्यात दारावरची पाटी उतरली. विचारणाऱ्यांना त्या सांगत, दमले आता. खरं कारण मला ठाऊक होतं, कारण सकाळचा चहा आम्ही एकत्र घ्यायचो आणि गेले काही महिने त्यांच्या हातातली बशी वाजत होती.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की हा हातांचा कंप आहे, जिवाला धोका नाही, पण जाणाराही नाही. गोळ्या घेतल्या की आटोक्यात राहील. गोळ्यांनी खरंच फरक पडला. सही करता येऊ लागली, भरलेला कप उचलता येऊ लागला. पण दुसऱ्याच्या तोंडात यंत्र घालण्याइतका त्या हातांवर अक्कांचा विश्वास उरला नव्हता. घराची खिडकी उघडायची नाही, बाजाराला यायचं नाही, असे ते दिवस. बोलताना त्या समोरच्याच्या तोंडाकडे बघेनाशा झाल्या होत्या. मला ते सगळ्यात जास्त लागलं.

मी तेव्हा शाळेत भूगोल शिकवत होते. आम्हा शिक्षिकांची सहल मुर्डेश्वरला निघाली आणि गाडीत एक जागा रिकामी होती. मी अक्कांना जवळजवळ ओढूनच नेलं. वाटेत धारेश्वरला गाडी थांबली. ओहोटी होती. बाकीच्या देवळात गेल्या, अक्का एकट्याच खडकांकडे गेल्या. मी चप्पल हातात घेऊन मागे गेले तर त्या एका डबक्यापाशी उकिडव्या बसल्या होत्या, नाकावरचा चष्मा काढून भिंगासारखा पाण्यावर धरलेला.

"निर्मला, इकडे ये. सावली पाडू नकोस."

मला आधी काहीच दिसलं नाही. मग करंगळीच्या नखाएवढं काहीतरी दिसलं, जांभळट, मऊ. चष्म्यातून बघितलं तेव्हा डोक्यावरची दोन केशरी शिंगं दिसली, पाठीवर एक पिसांचा तुरा दिसला आणि अंगाभोवती पिवळी झालर. ते हळूहळू सरकत होतं आणि झालर पाण्यात वरखाली होत होती. शेजारी एक बाई शिंपल्या गोळा करत होती. अक्कांनी तिला कन्नडमध्ये विचारलं, हे काय आहे. तिनं वाकून बघितलं आणि म्हणाली, बसवनहुळू. म्हणजे आपली गोगलगाय. अक्का म्हणाल्या, मग हिचं कवच कुठं आहे? ती बाई म्हणाली, घर विकून आली असेल, आणि हसत पुढे गेली.

परतताना अरबैल घाट चढून यल्लापूर मागे पडेपर्यंत अक्का बोलत होत्या. कितीतरी महिन्यांनी बोलत होत्या.

पुढच्या काही आठवड्यांत त्यांनी मिळतील ती पुस्तकं आणून वाचली. धारवाडच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक निवृत्तीला आलेले प्राध्यापक होते. त्यांच्याकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी बाटल्यांतले जुने नमुने दाखवले, पण स्पिरिटमध्ये पडून त्यांचे रंग केव्हाच गेले होते, सगळे राखाडी. अक्का जरा हिरमुसल्या. मग प्राध्यापकांनी सूक्ष्मदर्शकाखाली एक काच ठेवली आणि म्हणाले, हे बघा, तुमच्या कामाचं आहे. अक्का कितीतरी वेळ वाकून बघत राहिल्या. वर बघितलं तेव्हा त्यांचा आवाज निराळाच झाला होता. "दात आहेत, निर्मला. जिभेवर रांगाच्या रांगा दात." प्राध्यापक हसले आणि त्यांनी समजावलं की या प्राण्यांच्या जाती ओळखताना हे दातही बघावे लागतात. त्या दिवशी धारवाडहून परत येताना अक्कांनी बसच्या कंडक्टरचे दात निरखून बघितले आणि त्याला अक्कलदाढ दाखवून घ्यायला सांगितलं. मला हायसं वाटलं.

दवाखान्यातला कॅमेरा घेऊन त्या पुन्हा धारेश्वरला गेल्या. एक लाट अंगावर आली आणि कॅमेरा गेला. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. तोवर त्यांनी वाचलं होतं की खऱ्या रंगाच्या गोगलगायी पाण्याखाली असतात, मुर्डेश्वरहून होडीनं जावं लागतं त्या नेत्राणी बेटाच्या कडेला. तिथे उतरायला पाणबुड्यांसारखं शिकावं लागतं, आणि त्याआधी पोहता यावं लागतं. अक्कांनी जन्मात कधी विहिरीत पायसुद्धा सोडला नव्हता.

पोहण्याच्या तलावावर दुपारी बायकांची वेळ असे. पोहायचा पोशाख जुन्या हुबळीतल्या एका नात्यातल्या शिंप्यानं शिवून दिला, मनगटापासून घोट्यापर्यंत. त्यानं मापं घेतली आणि एक प्रश्न विचारला नाही, याचं अक्कांना फार कौतुक होतं. बाकी गावानं मात्र विचारलं. म्हातारपणी हे काय खूळ, लोक काय म्हणतील, बुडाली तर? सगळ्यात जास्त चिडले ते दत्तूअण्णा. नाकासमोर चालणारा माणूस. बहिणीनं चांगला चाललेला दवाखाना बंद केला हेच त्यांना पटलं नव्हतं. त्यात हे ऐकल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. तलावावरचे शिकवणारे सर काठावरून ओरडायचे, "निधान, अक्का, निधान." इतकी वर्षं जो शब्द आपण लोकांना ऐकवला तो आता रोज आपल्याला ऐकावा लागतो, असं त्या सांगायच्या आणि मनापासून हसायच्या. एके दिवशी त्यांनी तलाव आडवा पार केला. मग उभा.

खरी अडचण पुढेच होती. पाण्याखाली जायला डॉक्टरांचं पत्र लागतं. डॉक्टर म्हणाले, कंपाचं मी समजू शकतो, पण या गोळ्या हृदयाची गती धरून ठेवतात. त्या चालू असताना मी तुम्हाला पाण्याखाली सोडणार नाही. म्हणजे गोळ्या घेऊन हात शांत ठेवायचे आणि काठावर बसायचं, किंवा गोळ्या सोडायच्या आणि थरथरत्या हातांनी समुद्रात जायचं. तोपर्यंत अक्कांनी आपला कंप भिंतीपलीकडच्या माझ्याशिवाय कुणाला दिसू दिला नव्हता. अर्धा भरलेला कप, पदराखाली हात, लग्नाकार्यात जेवायला न बसणं, सगळी काळजी त्यासाठी. त्यांनी तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी डॉक्टरांना सांगून, त्यांच्या देखरेखीखाली, गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या.

थोड्याच दिवसांत भाऊबीज आली. अण्णांच्या घरी जाताना अक्कांनी मला सोबत चल म्हणून सांगितलं. दत्तूअण्णा बोलत नसले तरी पाटावर येऊन बसले, टोपी घालून, खाली बघत. अक्कांनी तबक उचललं आणि निरांजनाची ज्योत थरथरायला लागली. सुपारी तबकात खडखडली. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या घाबरून पुढे झाल्या. अण्णांनी वर बघितलं. त्यांनी खालून तबकाला आपला हात लावला, आणि ओवाळणं दोघांच्या हातांनी पुरं झालं.

मग ते म्हणाले, "हे कधीपासून?"

"बरेच दिवस झाले."

"दवाखाना यासाठी बंद केलास?"

"हो."

"आणि मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस, अण्णा. पोहायला का जातेस, एवढंच विचारलंस."

त्यांनी औषधाचं विचारलं. अक्कांनी सरळ सांगितलं की औषध होतं, ते समुद्रासाठी सोडलं.  "गोगलगायींसाठी," असं अण्णा एकदाच म्हणाले आणि उठून आत गेले. त्या दिवशी ते आमच्याबरोबर जेवायला आले नाहीत.

नेत्राणीला पाण्याखाली उतरवणारी बाई गोव्याची, लुर्डिस तिचं नाव. चाळिशीची, काळीसावळी, मोजकं बोलणारी. अक्कांनी पहिल्या भेटीतच हात पुढे करून दाखवले. लुर्डिस म्हणाली, "हात हालतात त्याचं मासळीला काय पडलंय? पाय चालतात ना?" आणि तिनं अक्कांना शिकवायला घेतलं. मी होडीत बसून राहायची आणि अक्का त्या काळ्या रबरी पोशाखात होडीच्या काठावर उलट्या बसून, एका हातानं डोळ्यांवरचा मुखवटा धरून, मागच्या मागे पाण्यात पडायच्या. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते.

पहिल्या हंगामातले फोटो कशाचे होते हे सांगणं अवघड आहे. निळसर धूर. कधी वाळू. एकदा अक्कांचाच पाय. पारदर्शक पेटीत घातलेला छोटा कॅमेरा, त्यावर जवळचं मोठं दाखवणारं भिंग, आणि समोर तांदळाच्या दोन दाण्यांएवढा प्राणी. त्या भिंगातून केसाएवढं अंतर चुकलं की शिंगं स्पष्ट आणि अंग पुसट. त्यात पाणी माणसाला सारखं पुढेमागे झुलवतं. खोल पाण्यात लाल रंग दिसेनासा होतो, म्हणून विजेरीचा प्रकाश टाकायचा, तर पाण्यातला गाळ बर्फासारखा चमकायला लागतो. प्रवाळाला हात टेकायचा नाही. लुर्डिसनं मग त्यांना एक पोलादी कांब दिली, ती रिकाम्या वाळूत रोवून मनगट तिला टेकवायचं. आणि अक्कांचं म्हणणं होतं की पाणी स्वतःही मदत करतं. सगळीकडून हात धरून ठेवतं, मऊ पट्टी बांधावी तसं. कंप जात नाही, पण जमिनीवर असतो तेवढा राहत नाही. उरलेल्या कंपासकट त्या फोटो काढत राहायच्या. पुष्कळ वाया जायचे. एखादा लागायचा.

त्या चिडलेल्या मी एकदाच पाहिल्या. होडीत बंगळूरचा एक हौशी फोटोवाला होता. महागडं सामान. पाण्याखाली त्यानं एक गोगलगाय कमरेच्या सुरीच्या टोकानं उचलून दुसऱ्या प्रवाळावर ठेवली, कारण तिथला रंग मागे चांगला दिसत होता. वर आल्यावर अक्का अंगावरचं पाणी निथळत त्याच्यासमोर बसल्या. "ती ज्या स्पंजावर होती तेच ती खाते. दुसरं काही खात नाही. तुम्ही तिला भरल्या ताटावरून उठवलंत." तो म्हणाला, एवढीशी तर आहे. अक्का म्हणाल्या, दातही एवढासाच असतो, दुखायला लागला की कळतं. तो मान फिरवून आपलं सामान पुसायला लागला. मात्र पुढच्या हंगामात तोच भेटला, आणि त्यानं आधी अक्कांना आपली सुरी नसलेली कमर दाखवली.

तिसऱ्या वर्षी तो फोटो लागला. गर्द जांभळं अंग, त्यावर सोनेरी ठिपके, कडेनं बारीक पांढरी रेघ आणि तिच्याबाहेर डाळिंबी किनार. शिंगावरची एकेक घडी मोजता येत होती. अक्कांनी तो मोठा करून घेतला आणि मला घेऊन सरळ जुन्या हुबळीत दुकानात गेल्या. दत्तूअण्णा गादीवर बसले होते, समोर साड्या पसरलेल्या. गिऱ्हाईक नव्हतं. अक्कांनी तो कागद साड्यांवर ठेवला.

अण्णांनी लांबून बघितलं. मग गल्ल्याशेजारून धागे मोजायचं पितळी भिंग काढलं, कागदावर ठेवलं आणि डोळा लावला. भिंग किनारीवरून हळूहळू फिरत गेलं.

"पांढऱ्यानंतर डाळिंबी," ते म्हणाले. "मधे एक धागा पिवळा आहे. म्हणून दोन्ही रंग भांडत नाहीत. कुणी विणलंय हे?"

"कुणी नाही. ती तशीच असते."

"जिवंत आहे?"

"मी काढला तेव्हा होती. खात होती."

अण्णांनी भिंग बाजूला केलं. कागदाकडे नाही, बहिणीच्या हातांकडे बघितलं. ते गादीच्या कडेवर होते, थरथरत. अक्कांनी ते पदराखाली घेतले नाहीत.

"हे याच हातांनी?"

"याच हातांनी, अण्णा."

 अण्णांनी आत आवाज देऊन तिघांचा चहा मागवला, आणि आला तेव्हा बहिणीचा कप स्वतः काठोकाठ भरून तिच्यासमोर ठेवला. सांडू दे, म्हणाले. गादी धुता येते. तो फोटो पुढे दुकानात देवाच्या तसबिरीशेजारी लागला. इलकलच्या एका विणकराला अण्णांनी तो दाखवला आणि तशी किनार विणून घेतली. गिऱ्हाइकं विचारायची हा कुठला नमुना, तर अण्णा फोटोकडे बोट करून म्हणायचे, आमच्या शकूनं समुद्रातून आणलाय.

अक्का सत्तरीपर्यंत पाण्याखाली जात राहिल्या. धारवाडच्या प्राध्यापकांनी त्यांच्या फोटोंवरून कॉलेजातल्या मुलांना धडे दिले. तलावावर दुपारच्या वेळी अक्कांच्या मागोमाग विद्यानगरातल्या चारदोन प्रौढ बायका पोहायला येऊ लागल्या, त्याच शिंप्याकडून पोशाख शिवून. मग कंप वाढला आणि डॉक्टरांनी खोल पाणी बंद केलं. मला वाटलं आता पुन्हा खिडक्या मिटणार. तसं झालं नाही. त्या म्हणाल्या, धारेश्वरचे खडक कुणी नेले नाहीत.

पुढे मी मुलाकडे बेळगावला राहायला गेले. दोन वर्षांनी वहिनींचा फोन आला की शकूअक्का झोपेतच गेल्या. त्यामुळे माझं त्यांना शेवटचं बघणं झालं ते मी हुबळी सोडायच्या आधीच्या हिवाळ्यात, धारेश्वरला. आम्ही तिघं गेलो होतो. दत्तूअण्णा पंचाहत्तरीचे, धोतर गुडघ्यांच्या वर खोचलेलं, एका खडकावर बसलेले. कॅमेरा त्यांच्या हातात होता. जन्मभर कापड मोजलेले ते हात अजून दगडासारखे स्थिर होते. अक्का शेजारी पाण्यात बसल्या होत्या, त्यांचं बोट डबक्यावर थरथरत होतं, पण कुठे बघायचं ते अण्णांना बरोबर कळत होतं.

"श्वास सोड," अक्का सांगत होत्या. "सोडताना दाब."

"हलली ती."

"ती हलणारच. वळेल परत. थांब."

भरती लागली होती. मी काठावरून हाक मारली की पाणी चढतंय, बसची वेळ झाली. दोघांनीही मागे बघितलं नाही. अण्णांनी फक्त एक हात मागे करून मला गप्प राहायची खूण केली. लाटेचं पाणी त्यांच्या घोट्यांवरून पोटऱ्यांपर्यंत आलं, आणि ती दोन पांढरी डोकी एकमेकांना टेकलेली, खाली वाकलेली, तशीच राहिली.